पत्र्यावर उतरलेला तलाव

मन लावून सांभाळलेली जुनी गाडी आणि पाण्याकाठचा रस्ता म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मरीन ड्राइव्ह येतो, नाहीतर कोकणातला एखादा वळणावळणाचा सागरी रस्ता. गोंदियात राहणाऱ्याच्या हा बेत कामाचा नाही. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेसातशे किलोमीटरच्या पुढे आहे. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, पण पन्नाशीला टेकलेली फियाट घेऊन फोटोसाठी तिकडे जा, असा सल्ला शहाणा मेकॅनिक देणार नाही. मात्र हा तलावांचा जिल्हा आहे. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा ही मोठी नावं सोडली तरी गावोगावी मामा तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव मागे राहिले आणि ‘माजी मालगुजारी’ या सरकारी शब्दांच्या आद्याक्षरांतून तलावांना हे नातं चिकटलं. जुन्या गाडीच्या फोटोसाठी हे तलाव समुद्राच्या तोडीचे आहेत. एका बाबतीत तर सरस आहेत. ते तोडीचे का, याचं कारण देखाव्यात शोधू नका. ते गाडीच्या पत्र्यात आहे.

गाडीचा फोटो काढणारा बहुतेक वेळा गाडीच्या मागे काय आहे ते बघतो. डोंगर आहे, पाणी आहे, मावळता सूर्य आहे, मग त्याच्यापुढे गाडी उभी करायची आणि बटण दाबायचं. घरी आल्यावर फोटोत देखावा छान असतो आणि गाडी मळकट, ठिगळ लावल्यासारखी दिसते. नुकतीच धुऊन पुसलेली गाडी अशी का दिसावी? कारण चकचकीत पत्रा हा आरसा आहे आणि आरशात त्याच्या समोरचं दिसतं. गाडीच्या समोर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, विजेचा खांब, पानटपरी, अर्धवट बांधकाम आणि चार मोटारसायकली असतील, तर त्या सगळ्यांचे तुकडे दारावर आणि मडगार्डवर सांडलेले असतात. डोळा ते दुर्लक्षितो, कॅमेरा दुर्लक्षित नाही. म्हणून जागा निवडताना गाडीकडे पाठ करून उभं राहावं आणि गाडीला काय दिसतंय ते आधी बघावं. बाकीची पथ्यं या एका गोष्टीतून निघतात.

गाड्यांच्या जाहिरातींचे फोटो जिथे काढतात त्या स्टुडिओत हेच पाहायला मिळतं. तिथे गाडीवर दिवे रोखलेले नसतात. गाडीच्या डोक्यावर खोलीएवढा पांढरा पडदा टांगून त्यावर उजेड सोडतात आणि गाडी त्या पडद्याचं प्रतिबिंब अंगावर घेऊन उभी असते. कारखान्यात तयार गाडी तपासतानाही तिला समांतर ट्यूबलाइटांच्या बोगद्यातून नेतात. पत्र्यावर त्या नळ्यांच्या रेषा सरळ धावल्या तर काम पक्कं; कुठे रेष लचकली तर तिथे पोचा आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत ही परीक्षा आणखी मोलाची ठरते. पुट्टी थापून वरून रंग मारलेलं दार साध्या उजेडात बेमालूम दिसतं, पण क्षितिजाची रेष त्यावर पडली की पाण्यात हलल्यासारखी वाकडी होते. ज्याने पत्रा ठोकून सरळ करून घेतला, पैसे वाचवायला पुट्टीचे थर चढवले नाहीत, त्याच्या दारावर तीच रेष हेडलाइटपासून डिकीपर्यंत अखंड जाते. तुमची गाडी खरंच सांभाळलेली असेल तर ते दाखवणारी याहून चांगली खूण नाही. ती दिसायला समोर एक लांब, सलग, आडवी रेषा मात्र हवी. मोठ्या तलावाचा पैलतीर नेमका तसा असतो.

जंगलातला रस्ता दिसायला सुंदर असला तरी या कामाला का चालत नाही, हेही यावरून कळेल. कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाताना झाडी रस्त्यावर झुकलेली असते आणि तिथे गाडी उभी करण्याचा मोह कोणालाही होईल. पण साग, ऐन, मोह यांच्या पानांतून गळणारं ऊन गाडीवर कवडशांचे डाग पाडतं, त्याच फांद्या बॉनेटच्या आरशात उमटतात, आणि या दोन्हींच्या गोंधळात गाडीचा आकार हरवतो. जंगलाच्या या रस्त्यांवर मध्येच थांबणं वन्यजीवांच्या आणि तुमच्याही हिताचं नसतं, ही गोष्ट वेगळी. तलावाच्या काठावर समोर झाड नाही, खांब नाही, भिंत नाही. खाली पाणी, वर आभाळ आणि मध्ये पैलतीराची काळसर रेघ. नवेगावबांधला ही रेघ सातबहिणींच्या टेकड्यांची आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी त्या टेकड्यांच्या आधाराने बांध घालून पाणी अडवलं, असं सांगतात. त्यांनी भातासाठी अडवलेलं पाणी आज आपल्याला स्टुडिओतल्या पडद्याच्या जागी वापरता येतं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. तलावाकडे पाठ करून फोटो काढला तर तलाव फोटोत येणार कसा, आणि तो येणार नसेल तर इतक्या दूर जायचं कशाला? उत्तर उभं राहण्याच्या कोनात आहे. गाडी रस्त्याच्या कडेला, काठाला समांतर ठेवा आणि तुम्ही गाडी व पाणी यांच्या मध्ये या. आता दाराच्या बरोबर समोर न राहता गाडीच्या नाकाकडे इतके सरका की एक बाजू आणि थोडा पुढचा भाग दोन्ही दिसतील. आरशाचा नियम असा की तिरकं पाहिलं तर प्रतिबिंबही दुसऱ्या बाजूला तितकंच तिरकं जातं. म्हणजे दारांवर अजून पाणीच आहे. रस्ता तलावाला वळसा घालतो अशी जागा शोधलीत तर वळणाच्या दिशेला तोच तलाव चौकटीच्या कडेला पुन्हा दिसू लागतो. अर्धं पाणी फोटोत, अर्धं पत्र्यावर. शिवाय मागची बाजू आता जमिनीची असते आणि गोंदिया जिल्ह्यात जमिनीची बाजू म्हणजे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. ती काही वाईट पार्श्वभूमी नव्हे.

गाडी आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहायला जागा लागते, आणि ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, मिळत नाही. पाळीचा उतार सरळ पाण्यात जातो. मातीची पाळ मुळात गाडी चढवण्यासाठी नसतेच, आणि पावसाळ्यानंतर ती आतून ओली असते. टनभर वजनाच्या गाडीचं चाक कडेला गेलं तर पाळीचं नुकसान आणि गाडीचंही. जागा शोधायची ती पाळीच्या समोरच्या किंवा बाजूच्या काठावर, जिथे जमीन हळूहळू पाण्यात उतरते आणि गुरं पाणी प्यायला येतात. पाणी ओसरलं की तिथे मोकळा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर तुम्ही उतरा, गाडी उतरवू नका. वरून वाळलेल्या दिसणाऱ्या गाळाखाली किती ओल आहे ते चाक रुतल्यावरच कळतं, आणि जुन्या फियाटला ट्रॅक्टरने ओढून काढताना बंपर जागेवर राहील याची हमी कोणी देत नाही.

आता समुद्रापेक्षा तलाव सरस ठरतो ती बाब. कोकणचा किनारा पश्चिमेकडे बघतो. त्यामुळे तिथे पाण्यावरचा चांगला उजेड संध्याकाळीच मिळतो. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या मागून येतो आणि गाडीची समुद्राकडची बाजू सावलीत राहते. तलावाला चारी बाजू असतात. उपग्रहाच्या नकाशावर आधी एवढंच बघून ठेवा की रस्त्याच्या कोणत्या अंगाला पाणी आहे. पाणी पश्चिमेला असेल तर संध्याकाळी जा, पूर्वेला असेल तर पहाटे. खाऱ्या वाऱ्याचा गंज आणि सायलेन्सरपर्यंत उडणारी वाळू इथे नाही, हे जुन्या पत्र्याच्या मालकाला वेगळं सांगायला नको. वेळेचा हिशेब मात्र मुंबईच्या घड्याळावर करू नका. गोंदिया मुंबईच्या सुमारे सव्वासात अंश पूर्वेला आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. म्हणून इथे सूर्य तिथल्यापेक्षा अर्धा तास आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या शेवटी उगवती पावणेसातच्या आसपास, मावळती साडेपाचच्या आसपास. सहा वाजता निवांत पोचणाऱ्याला अंधारच मिळेल.

सूर्य वर असताना त्याचं प्रतिबिंब क्रोमच्या बंपरवर एका टोचणाऱ्या ठिणगीसारखं येतं, आणि तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभे असल्यामुळे तुमची लांब सावली थेट गाडीवर पडते. म्हणून मावळतीच्या थोडं आधी पोचायचं, जागा ठरवायची, पुसायचं ते पुसून घ्यायचं आणि सूर्य बुडेपर्यंत थांबायचं. खरा उजेड त्यानंतरच्या दहा ते वीस मिनिटांचा. तेव्हा सूर्याच्या जागी अख्खं पश्चिमेचं आभाळ दिवा होतं, पाणी तेच आभाळ खालून परत पाठवतं, आणि दाराच्या मधोमध पैलतीराची काळी रेघ व तिच्या वर-खाली केशरी पट्टे असे तीन थर दिसतात. पहाटे हाच क्रम उलट चालतो. फक्त हिवाळ्यात पत्र्यावर दव असतं आणि दवाचा प्रत्येक थेंब प्रतिबिंब फोडतो. दव सुती फडक्याने नव्हे, ओल्या मायक्रोफायबरने एका दिशेत टिपावं. धूळ तर कोरडी कधीच पुसू नये. तिच्यातल्या कणांनी पडलेले गोल ओरखडे याच तिरप्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात.

सगळ्या गाड्यांना हा हिशेब सारखा लागू होत नाही, आणि इथे गाडीचा स्वभाव ओळखावा लागतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५८ ते २०१४ या काळात निघालेली अ‍ॅम्बेसेडर सगळी गोलाईची. तिचं बॉनेट आणि मडगार्ड बहिर्गोल आरशासारखं वागतात आणि डोक्यावरच्या आभाळापासून पायाखालच्या मुरमापर्यंत सगळं एका फुगीर चित्रात गोळा करतात. म्हणून तिच्यासाठी केवळ समोरची बाजू मोकळी असून भागत नाही, वरचं आभाळही मोकळं हवं. वालचंद उद्योगसमूहाच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बांधलेली फियाट, म्हणजे पुढे जिचं पद्मिनी झालं ती, बाजूंनी पुष्कळ सपाट आहे, आणि मागच्या टोकाला तिच्या कडा हलक्याशा उचललेल्या आहेत. क्षितिजाची अखंड रेष धरायला तिच्याइतकी सोयीची गाडी नाही. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिचे असंख्य फोटो निघाले. मारुती ८०० तर इतकी लहान आणि कोनाकोनांची की तिच्यावर प्रतिबिंबाला पसरायला जागा कमी; तिला आजूबाजूच्या मोकळेपणात लहानच राहू द्यावं.

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. आपल्याकडच्या पुष्कळ अ‍ॅम्बेसेडर पांढऱ्या असतात आणि पांढऱ्या गाडीवर प्रतिबिंब दिसतंच कुठे? हे खरं आहे. पांढरा रंग त्याच्यावर पडलेला बहुतेक उजेड चहूकडे विखरून टाकतो, आणि वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून आरशासारखा परतणारा भाग समोरून पाहताना शंभरात चार-पाचच्या घरात असतो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर विखुरलेला उजेड जवळजवळ नसल्याने ते चार-पाचच सगळं चित्र रंगवतात. पांढऱ्यावर ते बुडून जातात. पण त्यामुळे गाडीला काय दिसतंय हा प्रश्न मिटत नाही, त्याचं रूप बदलतं. पांढऱ्या गाडीवर आकृती उमटत नाही, रंग उमटतो. हिरव्या गवतावर उभी केली की दारांचा खालचा भाग शेवाळी दिसतो, मुरमाच्या रस्त्यावर लालसर. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ती पांढरी राहते. शिवाय प्रतिबिंबाचं प्रमाण कोन तिरका होईल तसं झपाट्याने वाढतं. म्हणून पांढऱ्या गाडीच्या दारांवर तलाव हवाच असेल तर दाराच्या बाजूला अगदी लागून, गाडीच्या लांबीच्या दिशेने पाहा; तिथे पांढऱ्यावरही पाणी दिसेल. क्रोमला तर रंगाशी देणंघेणंच नाही. मोबाइलने काढत असाल तर पांढऱ्या गाडीवर बोट टेकवून उजेड किंचित वाढवा, नाहीतर यंत्र तिला राखाडी करतं. काळ्या गाडीला उलट कमी करा.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पोलरायझर लावला की प्रतिबिंबं जातात. जातात, पण सगळी नाहीत आणि जावीतही असं नाही. पोलरायझर काच, पाणी आणि रंगाच्या थरावरचं प्रतिबिंब एका ठरावीक तिरक्या कोनात चांगलं कापतो, सरळ समोरून जवळजवळ नाही, आणि धातूवर म्हणजे क्रोमवर तर त्याची मात्रा चालत नाही. मग दार निस्तेज आणि बंपर चकचकीत, अशी दोन गाड्या जोडल्यासारखी अवस्था होते. मागच्या टफन काचेवर त्याच्यामुळे ठिपक्यांची नक्षीही उमटू शकते. पुढच्या काचेतून आतलं जुनं स्टिअरिंग दिसावं एवढ्यासाठी तो अर्धा फिरवून वापरा. फोटो नंतर मोबाइलवर सुधारता येतो, हाही असाच अर्धा उपाय. सावली उजळेल, आभाळ निळं होईल, पण दारावर पडलेली पानटपरी काढून तिथे तलाव ठेवायचा तर गाडी नव्याने रंगवल्यासारखंच होतं.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. जवळ उभं राहून मोबाइलच्या साध्या भिंगाने काढलं तर पुढचा हेडलाइट फुगतो आणि अ‍ॅम्बेसेडरचा भोपळा होतो. दहा-बारा पावलं मागे जा आणि दुप्पट-तिप्पट झूम लावा. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा, म्हणजे पैलतीराची रेष दाराच्या मध्यावर बसेल. व्हीलकॅपमध्ये तुम्ही स्वतः दिसणार आहात, तेव्हा लाल किंवा पांढरा शर्ट नको. गावातली मुलं जमतील आणि गाडीसमोर, म्हणजे नेमकी प्रतिबिंबात उभी राहतील. त्यांना हाकलू नका. गाडीच्या पलीकडे बोलवा, काचेतून डोकावू द्या. चालत्या गाडीचा फोटो हवा असेल तर रायपूरकडे धावणाऱ्या ट्रकांचा राष्ट्रीय महामार्ग टाळा. गावाच्या रस्त्यावर गाडी तीस-चाळीसच्या वेगाने जाऊ द्या, तुम्ही कडेला उभे राहून शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. दुसऱ्या गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकून फोटो काढू नका.

पावसाळ्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण जुन्या गाड्यांचे मालक तेव्हा गाडी ताडपत्रीखाली ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी उभं असतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आरसे पसरतात. आभाळ ढगाळ असल्याने दुपारीही उजेड मऊ असतो, म्हणजे पहाट-संध्याकाळचं बंधन सुटतं. वायपर आणि वायरिंग भरवशाचं असेल तर उघडीप पाहून जवळच्या जवळ गाडी काढायला हरकत नाही. पण फोटोसाठी धुऱ्यावरून बांधीत उतरू नका. ते कोणाचं तरी उभं पीक आहे, आणि महाराष्ट्रात उरलेल्या मोजक्या सारसांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आणि आसपास आहेत. ते पावसाळ्यात अशाच पाणथळीत आणि धानाच्या शेतांत घरटी करतात. जोडी दिसली तर इंजिन बंद करा, हॉर्नला हात लावू नका आणि गाडीचा फोटो पुढच्या तलावावर काढा.

शेवटचे फोटो दिवे लावून काढायचे असतात. सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली की पाणी निळं पडतं आणि जुन्या बल्बचा पिवळा उजेड त्यावर खुलतो. आजच्या पांढऱ्या एलईडीला ते जमत नाही. हेडलाइट नको, फक्त पार्किंगचे दिवे, म्हणजे काचेची नक्षी दिसेल. आणि दिवे लावण्याआधी इंजिन चालू करून ठेवा, किंवा दोन-दोन मिनिटंच लावून बंद करा. थंडीच्या संध्याकाळी जुनी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकू शकते, आणि तोपर्यंत गुरं आणि गुराखी गावाकडे परतलेले असतात. धक्का मारायला काठावर कोणी उरत नाही.